सूडाची तलवार आणि कांदोळीचे आबे

प्रायश्चित्तकाळातील एका रविवारी, दुपारच्या वेळी, फैजपूर येथे आम्ही पाचसहा कुटुंबे एका घरी जमलो होतो. बाहेर केळीच्या बागांवर खानदेशी ऊन तापले होते आणि मुलांना घरात थोपवून धरण्यास काहीतरी हवे होते. त्यांच्या आग्रहावरून ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ हा केव्हिन रेनॉल्ड्स यांनी दिग्दर्शित केलेला २००२ सालचा चित्रपट लावण्यात आला. त्यातील नायक जिम कॅव्हिझल ह्यानेच पुढे २००४ साली ‘द पॅशन ऑफ द ख्राइस्ट’मध्ये प्रभू येशूची भूमिका केली, एवढ्या एका शिफारशीवर वडीलधाऱ्यांनीही संमती दिली.

चित्रपट रंगला. शेवटच्या द्वंद्वयुद्धात खलनायकाच्या छातीत तलवार गेली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. आम्हां मोठ्यांचे हातही नकळत जुळून आले. इतक्यात एका दहाबारा वर्षांच्या मुलीने विचारले, “पण फादरांनी मरताना त्याला सूड घेऊ नको म्हणून सांगितलं होतं ना? मग ह्यानं ऐकलं कुठं?” कोणीतरी हसून विषय बदलला. तो प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे असे वाचकांनी समजावे.

प्रथम मूळ कादंबरीविषयी थोडेसे. अलेक्झांडर द्युमा यांची ही कथा १८४४ ते १८४६ ह्या काळात ‘जुर्नाल दे देबा’ ह्या पॅरिसच्या दैनिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या रचनेत ओग्युस्त माके ह्या सहकाऱ्याचा मोठा वाटा होता. द्युमांच्या आजी मारी-सेसेत ह्या कॅरिबियनमधील फ्रेंच वसाहतीत गुलामगिरीत असलेल्या कृष्णवर्णीय स्त्री होत्या, आणि वडील जनरल द्युमा यांनी दक्षिण इटलीत सुमारे दोन वर्षे कैद भोगली होती. अन्याय आणि अंधारकोठडी हे विषय ह्या लेखकाला केवळ कल्पनेने सुचलेले नव्हते.

कथा अशी. एदमों दान्तेस हा मार्सेय बंदरातील तरुण खलाशी. त्याच्या उत्कर्षाचा मत्सर करणारा दांग्लार, त्याच्या वाग्दत्त वधूवर डोळा असलेला फेर्नां आणि स्वतःची खुर्ची सांभाळणारा सरकारी वकील व्हीलफोर हे तिघे मिळून त्याला शातो दिफ ह्या सागरी तुरुंगात गाडून टाकतात. तेथे शेजारच्या कोठडीतील आबे फारिया हे वृद्ध धर्मगुरू भुयार खणताखणता त्याच्या कोठडीत येऊन पोहोचतात, त्याला विद्या देतात आणि एका खजिन्याचा ठावठिकाणाही देतात. चौदा वर्षांनी एदमों गुरूच्या प्रेताच्या जागी त्याच्या कफनात शिरून निसटतो, खजिना मिळवतो आणि काउंट होऊन पॅरिसला परततो. पुढे एकेका शत्रूचा हिशेब सुरू होतो.

वृत्तपत्रातील क्रमशः कादंबरी ही स्वतःच संकेतांवर जगणारी गोष्ट होती. प्रत्येक हप्त्याच्या शेवटी वाचकाचा श्वास अडकला पाहिजे, वेषांतर झाले पाहिजे, योग्य क्षणी जुने पत्र सापडले पाहिजे. त्यामुळे चित्रपटाने संकेत वापरले ही तक्रार आम्हांस करता येत नाही. जत्रेतल्या तंबूत चित्रपट पाहत आणि तमाशातील वग ऐकत आपल्या मागच्या पिढ्या वाढल्या. त्यांना हे सारे परिचयाचेच होते. हरवलेला मुलगा, ओळखीची खूण, राजाच्या रूपात परतलेला भिकारी, विनोदी पण इमानी सोबती ह्यांच्यावाचून वग उभा राहत नाही. एस. एस. वासन यांनी १९५८ साली तमिळमध्ये ‘वंजिकोट्टै वालिबन’ आणि हिंदीत ‘राजतिलक’ हे चित्रपट काढले, त्यांच्यामागेही मॉन्टे क्रिस्टोच्या कथेची छाया आहे. आपल्या मातीत ही कथा सहज रुजते, कारण तिचे साचे आपल्याकडे आधीच तयार आहेत.

तेव्हा कोणता संकेत कथेचे काय करतो, एवढेच पाहावयाचे.

पहिला संकेत संक्षेपाचा. हजाराहून अधिक पृष्ठांची कादंबरी सव्वादोन तासांच्या आत बसवावयाची, तर माणसे गाळावी लागतात. हायदे ही ग्रीक राजकन्या २००२ च्या चित्रपटात नाही. दांग्लार आणि व्हीलफोर यांचे पाप थोडक्यात आटोपते. व्हीलफोरला बाष्पस्नानगृहात बोलते करून पकडून दिले जाते. सारा द्वेष एकट्या फेर्नांवर एकवटतो, आणि तो नायकाचा बालपणीचा जिवलग मित्र करण्यात आला आहे. कादंबरीत तो मेर्सेदेसचा चुलतभाऊ आणि एक दरिद्री कोळी आहे. हा बदल आम्हांस समर्थनीय वाटतो. परक्याने केलेल्या घातापेक्षा मित्राने केलेला घात पडद्यावर लवकर कळतो, आणि गाय पिअर्स ह्या नटाने त्या मत्सराला चेहरा दिला आहे.

दुसरा संकेत शिक्षणाचा. कादंबरीतील फारिया एदमोंला भाषा, गणित, विज्ञान, इतिहास शिकवतात. चित्रपटात रिचर्ड हॅरिस यांनी रंगवलेले फारिया वाचन-लेखनाबरोबर तलवारही शिकवतात. छतातून गळणाऱ्या पाण्याच्या थेंबांमधून हात वेगाने काढून घेण्याचा सराव मुलांना फार आवडला. साहसपटाला हे आवश्यकच असते. शेवटी द्वंद्व होणार, तर नायकाला द्वंद्व शिकवणारा गुरू हवा. पण गुरूने शिष्याला काय दिले, ह्या प्रश्नाचे उत्तर येथे हळूच बदलते. कादंबरीत कोठडी ही पाठशाळा आहे. चित्रपटात ती आखाडा होते.

ह्या ठिकाणी आम्हांस आपल्याच खानदेशातील एक तुरुंग आठवतो. १९३२ साली धुळ्याच्या कारागृहात विनोबा भावे यांनी फेब्रुवारी ते जून ह्या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि त्याच कारागृहात बंदी असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ‘गीता-प्रवचने’ हे पुस्तक त्यातून झाले. पुढे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन फैजपूरला झाले, आणि त्याच्या तयारीत साने गुरुजींनी स्वतःला झोकून दिले. धर्म निराळा असला तरी सत्य एकच दिसते: बंद दारांच्या आत एक माणूस दुसऱ्याला ज्ञान देतो तेव्हा तुरुंगाची निम्मी भिंत पडलेलीच असते. त्यासाठी तलवारीची गरज पडत नाही.

आता त्या फारियांविषयी. आपल्या वाचकांपैकी अनेकांची कुळे गोव्याची आहेत. त्यांना हे ठाऊक असेल, पण मुलांना सांगितले पाहिजे. द्युमांनी हे नाव हवेतून घेतलेले नाही. जुझे कुस्तोदियो द फारिया हे बारदेशातील कांदोळी येथे १७५६ साली जन्मलेले गोमंतकीय धर्मगुरू. त्यांचे आईवडील परस्परसंमतीने विभक्त झाले. वडील कायतान व्हितोरिनो धर्मगुरू झाले आणि आई रोझा मारिया यांनी जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात प्रवेश केला. वडिलांबरोबर मुलगा १७७१ साली पोर्तुगालला निघाला आणि पुढे रोममध्ये १७८० साली त्याला गुरुदीक्षा मिळाली. लिस्बनच्या राजदरबारी प्रवचन देताना तो अडखळला, तेव्हा खाली बसलेल्या वडिलांनी कोंकणीत पुटपुटून धीर दिला, की समोर बसलेली ही सारी नुसती भाजी आहे, खुशाल चीर! ही आख्यायिका गोव्यात आजही घरोघर सांगितली जाते.

१७८७ साली पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा पिंटोंचा कट उघडकीस आला. फारिया पितापुत्रांचा त्याच्याशी संबंध जोडला गेला, आणि १७८८ साली पुत्र पॅरिसला गेला. १७९५ मधील सशस्त्र उठावात त्याने एका तुकडीचे नेतृत्व केल्याचे सांगतात. पुढे आबे फारियांनी मार्सेय व नीम येथे अध्यापन केले, आणि १८१३ पासून पॅरिसमध्ये ‘जागृत निद्रे’वर व्याख्याने व प्रयोग सुरू केले. संमोहनाची झोप ही प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून वाहणाऱ्या एखाद्या चुंबकीय द्रव्यामुळे येत नाही, ती झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनातून, सूचनेच्या प्रभावाने येते, हा त्यांचा सिद्धांत. मेस्मरच्या मताला त्यामुळे छेद गेला. लोकांनी टिंगल केली. १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्यांची थट्टा करणारा प्रहसनप्रयोगही झाला. १८१९ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते निवर्तले. पुढे शास्त्राने सूचनेचा सिद्धांत मान्य केला. नोबेल पारितोषिक मिळवणारे पोर्तुगीज वैद्य एगास मोनिझ यांनी १९२५ साली त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला त्यांचा पुतळा १९४५ पासून उभा आहे. एका स्त्रीवर हात पसरून उभे असलेले ते धर्मगुरू पाहून पर्यटक क्षणभर थबकतात.

द्युमांनी ह्या गोमंतकीयाला इटालियन केले, रोमच्या एका घराण्याचा चिटणीस केले आणि तुरुंगात घातले. आमचा आबे त्यांनी पळवला, असे म्हणण्याचा मोह होतो. पण नाव घेऊन नवे पात्र घडवणे हा कथाकाराचा जुनाच संकेत आहे, आणि त्यामुळेच कांदोळीचे नाव जगाच्या कानाकोपऱ्यांत कळत-नकळत पोहोचले. विनोद असा, की चित्रपटाने फारियांना नेपोलियनच्या सैन्यातील माजी सैनिक केले तेव्हा तो अजाणता इतिहासाच्या थोडा जवळ गेला. खऱ्या आबेंनीही शस्त्रधारी तुकडी पाहिली होती. चित्रपटातील फारिया हुकमावरून एक चर्च आतल्या माणसांसह जाळल्याचे पाप आयुष्यभर वागवतात आणि त्याच्याच प्रायश्चित्तासाठी धर्मगुरू होतात. हा प्रसंग लहान आहे, पण आमच्या मते संपूर्ण चित्रपटातील सर्वांत खरा आहे. ज्याने रक्त सांडले आहे तो सूडाविरुद्ध बोलतो, तेव्हा त्याच्या शब्दाला वजन येते.

हेच फारिया मरताना एदमोंला बजावतात, की खजिना चांगल्यासाठीच वापर, सूडासाठी नको. एदमों म्हणतो की आपला देवावर विश्वास उरलेला नाही. वृद्धाचे उत्तर असे, की त्याने काही बिघडत नाही, देवाचा तुझ्यावर आहे. हे वाक्य कानी पडले तेव्हा आमच्या खोलीत सर्वजण शांत होते. आणि त्यानंतर चित्रपट तास-सव्वा तास नेमके उलटे वागतो.

येथे तिसरा, सर्वांत महत्त्वाचा संकेत येतो: गुप्त पितृत्वाचा. चित्रपटात फेर्नांचा म्हणून वाढलेला आल्बेर हा प्रत्यक्षात एदमोंचाच मुलगा निघतो. ऐन लढाईत मेर्सेदेस हे रहस्य फोडते, बापाची तलवार खाली येते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. हिंदी चित्रपट पाहणाऱ्याला ह्यात नवल नाही. पण कादंबरीत काय आहे ते पाहावे. तेथे आल्बेर खरोखरच शत्रूचा मुलगा आहे. तो काउंटला द्वंद्वाचे आव्हान देतो. मेर्सेदेस रात्री येऊन मुलाच्या प्राणांची भीक मागते. आणि काउंट शत्रूच्या मुलासाठी स्वतः मरावयास तयार होतो. दुसऱ्या दिवशी आईकडून सत्य कळलेला आल्बेर सर्वांदेखत काउंटची क्षमा मागतो, कारण आपल्या बापाने अन्याय केला होता. एका बाजूने सूडाचा त्याग आणि दुसऱ्या बाजूने पापाची कबुली, हे दोन्ही एकाच पहाटे घडते.

चित्रपटाने एक रक्ताचे नाते जोडले आणि हा सारा प्रसंग पुसून टाकला. स्वतःच्या मुलाला कोण मारील? त्याला वाचवण्यास कृपा लागत नाही. जनावरेही पिलांना वाचवतात. शत्रूच्या मुलाला वाचवण्यास मात्र कृपा लागते. डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने नेमका हाच भेद सांगितला आहे: प्रेम करणाऱ्यांवर प्रेम करण्यात विशेष ते काय? कथेतील एका सोयीच्या कलाटणीने क्षमेची किंमत शून्यावर आणली, आणि आमचे डोळे पाणावले म्हणून ते आमच्या ध्यानातही आले नाही.

चौथा संकेत ह्याला जोडूनच येतो: खलनायक परत फिरतो. चित्रपटातील एदमों फेर्नांला जिवंत जाऊ देतो. पण फेर्नां माघारी वळतो, मेर्सेदेसला जखमी करतो आणि लढाई ओढवून घेतो. आता नायकाने त्याला मारले तरी ते सूडाने नव्हे, नाइलाजाने. प्रेक्षकाला दोन्ही सुखे मिळतात, क्षमेचे पुण्य आणि सूडाची गोडी. आमच्या टाळ्या ह्या दुसऱ्या सुखासाठी होत्या. प्रत्यक्ष जीवनात आपला अपराधी असा सोयीने तलवार उपसून परत येत नाही. तो शेजारच्या ओट्यावर बसलेला असतो, म्हातारा होत असतो, आणि क्षमा करावयाची की नाही हा प्रश्न रोज सकाळी तसाच समोर उभा असतो.

कादंबरीतील काउंटला हे कळते, पण फार उशिरा. व्हीलफोरच्या घरात त्याने पेटवलेल्या आगीत एक अजाण बालक मरते. आईच त्याला विष देते. त्या लहानशा प्रेतापुढे उभा असताना, आपण देवाचे हात आहोत ही त्याची समजूत प्रथमच डळमळते. म्हणूनच शेवटचा शत्रू दांग्लार त्याच्या हातून जिवंत सुटतो. सूडाची रेषा आखलेल्या ठिकाणी थांबत नाही, हा धडा चित्रपटात नाही. आणि आणखी एक गोष्ट. कादंबरीतील फारियांना, आपण बोलताबोलता ह्या मुलाला त्याचे शत्रू ओळखून दिले आणि त्याच्या मनात सूड पेरला, ह्याचा पश्चात्ताप होतो. गुरूचा हा पश्चात्ताप म्हणजे कथेचा कणा आहे. ज्ञान देणाऱ्याने ते कोणाच्या हाती, कशासाठी दिले ह्याची जबाबदारी त्याच्यावर राहते.

ह्याच साधनांनी रचलेली दुसरी एक कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफ. मत्सरी भाऊ, खड्डा, गुलामगिरी, खोटा आरोप, तुरुंग, अचानक लाभलेले ऐश्वर्य, भावांनाही ओळखू न येणारे नवे रूप, धान्याच्या गोणीत लपवलेला चांदीचा प्याला. काउंटपाशी आहे ते सारे योसेफापाशी आहे. तोही भावांची परीक्षा घेतो, त्यांना रडवतो. पण यहूदा पुढे येऊन धाकट्या बन्यामीनऐवजी मला गुलाम करा असे म्हणतो, तेव्हा योसेफाला हवे असलेले उत्तर मिळते. ज्याने एका भावाला विकले होते तोच आता दुसऱ्या भावासाठी स्वतःला द्यावयास निघाला आहे. योसेफ मोठ्याने रडतो आणि ओळख देतो. त्या कथेचा शेवट द्वंद्वाने होत नाही, उपाशी माणसांना धान्य मिळण्याने होतो. पश्चात्तापाला वाट ठेवणारे वेषांतर आणि शिक्षेसाठी केलेले वेषांतर, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

ह्याचा अर्थ चित्रपट मुलांना दाखवू नये असा आम्ही काढीत नाही. तो देखणा आहे, त्याला गती आहे, आणि ज्या मुलीने प्रश्न विचारला तिला तो प्रश्न ह्याच चित्रपटाने दिला. २०२४ साली फ्रान्समध्ये ह्याच कादंबरीवर जवळजवळ तीन तासांचा नवा चित्रपट निघाला. त्यात पिएरफ्रान्चेस्को फाविनो हे फारिया झाले आहेत. १९३४ मध्ये रॉबर्ट डोनाट होते, पुढेही कोणी येईल. प्रत्येक पिढी ही कथा मागून घेणार, कारण अन्याय प्रत्येक पिढीला होतो. आपण एवढेच करावे, की चित्रपट संपल्यावर दूरदर्शन संच बंद करून मुलांना कादंबरीतला आल्बेर आणि उत्पत्तीतला योसेफ सांगावा, आणि कांदोळीचे आबेही.

त्या मुलीला उत्तर द्यावयाचे राहिले. नाही बाळ, त्याने ऐकले नाही. आणि आम्ही ते पाहूनही टाळ्या वाजवल्या, कारण आम्हीही ऐकलेले नाही. दुसऱ्याच्या घराचा दाखला आम्ही देत नाही. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून आमचे आणि आमच्या थोरल्या बंधूंचे नऊ वर्षे बोलणे नाही. चूक त्यांची होती असे आम्हांस आजही वाटते, आणि बहुधा त्यांना आमची वाटत असेल. ह्या नऊ वर्षांत ‘आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना आम्ही रोज म्हटली आहे, आणि आमच्या अपराध्यांची क्षमा करण्याविषयीचे शब्द नेमके आले की आमचा आवाज थोडा खाली जातो, हे आमच्या पत्नीच्याही ध्यानात आलेले आहे.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही बंधूंना एक पत्र लिहिले. वाटणीविषयी त्यात एक शब्दही नाही. पुनरुत्थानाच्या सणाला सहकुटुंब फैजपूरला यावे, केळीचा घड उतरवून ठेवला आहे, एवढेच लिहिले आहे. ह्या ओळी छापावयास देईपर्यंत उत्तर आलेले नाही.